पडकईचा उन्हाळा

होळी झाली की माझे हात शिवशिवायला लागतात. चाकणजवळ निघोज्यात आमच्या दोन खोल्यांसमोरून कंपन्यांचे ट्रेलर जातात, त्यांची धूळ उंबऱ्यावर बसते, दुपारी पत्रा तापून कडकड वाजतो, आणि मी कंपनीत लाइनवर उभी राहून वायरींच्या जुड्या बांधत असते. काम जड नाही, नुसतं बोटांचं आहे. पण फाल्गुन सरत आला की बोटांना दगड आठवतो. वरून तापलेला, खालून गार, आणि कधी कधी पोटाखाली विंचू घेऊन बसलेला. किसन, माझा नवरा, म्हणतो, "तुला ऊन लागलंय." लागलंय खरं, पण ते इथलं नाही.

आमचं उंबरदांड भीमाशंकराच्या अलीकडच्या डोंगरात आहे. नकाशात शोधायला जाऊ नका. राजगुरुनगरहून वाडा गावाकडे जाणारी एसटी पुढे घाटात जिथं वळून परत फिरते, तिथून पायानं चढायचं. आम्ही महादेव कोळी. कंपनीत कुणाला सांगितलं की मी कोळी, की लगेच पापलेटचा भाव विचारतात. मी समुद्र पाहिला तो लग्नानंतर, आणि मला तो फारसा आवडला नाही. इतकी सपाट जागा, आणि सगळी वाया!

कारण उंबरदांडात सपाट अशा दोनच गोष्टी आहेत, देवळासमोरचं अंगण आणि जेवायची ताटली. बाकी सगळा उतार. हातातून भोपळा सुटला तर तो खालच्या आळीत जाऊन थांबतो, आणि खालच्या आळीची माणसं तो परत आणून देतात तेव्हा अर्धा शिजलेला असतो. पाऊस एवढा पडतो की अंगावरचं इरलं महिनोन्‌महिने उतरत नाही, आणि चैत्रात पाण्यासाठी ओढ्यात डवरा खणून वाटीवाटीनं हंडा भरावा लागतो. आजारी माणसाला झोळीत घालून खाली आणतात. फोनला रेंज फक्त एका खडकावर. त्याला सगळे रेंजचा दगड म्हणतात. तिथं बसून बायका मुंबई-पुण्याच्या लेकींशी इतक्या मोठ्यानं बोलतात की फोन नसता तरी ऐकू गेलं असतं.

यंदा होळीनंतर त्याच दगडावरून आयचा फोन आला. आधी हिरड्याला मोहोर कसा आलाय ते सांगितलं, मग शेजारणीची शेळी व्याल्याचं सांगितलं, आणि मग हळूच म्हणाली, "आन्‌ ती उतारावरची ताल गेली बग."

"कधी?"

"आश्विनात. लई पानी आलं एकदम."

"आणि आता सांगतेस?"

"तवा सांगून काय तू पानी आडवनार व्हतीस व्हय?"

ताल म्हणजे भाताच्या खाचराच्या खालच्या अंगाला रचलेला दगडाचा बांध, चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. तो गेला की वरची माती पावसात वाहून जायला एक हंगाम पुरतो. ते खाचर म्हणजे आमच्या घरातला सगळा भात. ते गेलं तर आयला डोंगर सोडून खाली यावं लागणार, माझ्या दोन खोल्यांत, ट्रेलरच्या धुळीत. मला आय जवळ हवी आहे, खूप हवी आहे. पण अशी नको.

आणि ती ताल पुन्हा रचायची तर एकच मार्ग, पडकई.

पडकई म्हणजे काय ते सांगते. होळीनंतर शेतात काही काम उरत नाही, तेव्हा गाव एकेका घराच्या उतारावर उतरतं. आज तुमच्याकडे, मग आमच्याकडे. घरटी एक माणूस. उतार खणायचा, दगड निवडायचे, ताल रचायची, मागं माती ओढून खाचर सपाट करायचं. मजुरी नाही. तुम्ही माझ्याकडे आलात, मी तुमच्याकडे येणार, एवढाच करार. ज्याचं काम त्यानं दुपारी घुगऱ्या आणि कोरा चहा द्यायचा. कुठं काही लिहिलेलं नसतं, पण कोण कुणाकडे गेला नाही हे सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं. न जाणाऱ्याला कुणी बोलत नाही. फक्त त्यानं बोलावलं की त्या दिवशी नेमक्या सगळ्यांच्या म्हशी आजारी पडतात.

तर माझा घोर हा होता. आय आता थकली आहे. ती कुणाकुणाकडे जाऊन फेडणार? मी इथं. आणि किसनचं म्हणाल तर त्याला गावच नाही. तो लहान असताना त्यांचं गाव धरणात गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचं जोतं दिसतं, तेवढंच गाव. मग पडकईला आमच्याकडे येणार कोण?

पण ते खाचर झालं तो उन्हाळा मला जसाच्या तसा आठवतो. बा आदल्या पावसाळ्यात गेला होता. मी आश्रमशाळेतून दहावीची परीक्षा देऊन घरी आले होते. आमच्या वाट्याचा तो उतार तेव्हा नुसता खडकाळ होता, वरई-नाचणी कशीबशी व्हायची. बानं मरायच्या आधी सगळ्यांच्या पडकया केल्या होत्या आणि आता पाळी आमची होती, पण यंदाच्या बाकीच्या पडकयांनाही घरटी एक माणूस द्यावा लागणारच होता. कोंडाजीनाना, गावात पडकईची पाळी तेच ठरवायचे, संध्याकाळी अंगणात येऊन बसले आणि म्हणाले, "वैनी, यंदा तुमचा उतार घिऊ."

आय म्हणाली, "नका घिऊ नाना. मागं मला फेडता न्हाई यायचं."

खरंच होतं ते. चैत्र-वैशाख हा बाळहिरड्याचा हंगाम. कोवळे हिरडे झोडायचे, वेचायचे, वाळवायचे. मीठ-तेल सगळं त्यावर. आय रानात गेली नाही तर चूल पेटणार नाही, आणि रानात गेली तर पडकईला घरातून जाणार कोण? घेतलेलं फेडता येणार नाही म्हणून घ्यायचंच नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं. उतार पडून राहिला तर पुढच्या वर्षी खाली कुणाच्या तरी कांद्यात मजुरीला जाऊ, असंही तिनं मनाशी बांधलं होतं. मला तिनं ते सांगितलं नव्हतं. पण ती फडक्यांची गाठोडी बांधून बघत होती, त्यावरून मला कळलं होतं.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. "ही काय करती दिसभर?"

"ती? ती परीक्षा दिऊन बसलीया."

"बसून काय करतीया? ए यमे, त्यो दगड उचल."

अंगणाच्या कडेला तो दगड होता. मी उचलला. तो छातीपर्यंत आला, मग सुटला, आणि माझ्या पायाच्या बोटावर पडला. मी हूं की चूं केलं नाही. डोळ्यांत पाणी आलं ते नानांना दिसलं असणार, पण त्यांनी पाहिलं नाही असं दाखवलं आणि आयला म्हणाले, "हाय की मानूस घरात."

त्या उन्हाळ्यात मी माणूस झाले. परीक्षेचा निकाल नंतर लागला, पण मला त्याचं काही वाटलं नाही. मी रोज कुणाच्या ना कुणाच्या उतारावर असायची. सकाळी उन्हाच्या आधी जायचं. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर घमेलं. पुरुष पहारीनं दगड उपटायचे आणि बायका रांगेत उभ्या राहून ते हातोहात खाली द्यायच्या. दगड कुणाकडून आला त्यावरून त्याची चेष्टा व्हायची. सासूच्या हातून आलेला दगड जड, जावेच्या हातून आलेला खरबरीत. काळी माती दुधावरच्या सायीसारखी आधी अलगद काढून एका बाजूला ठेवायची, आणि सगळं सपाट झालं की शेवटी परत वर पसरायची. ती खाली गाडली गेली तर खाचर दिसायला छान आणि पिकायला वांझ, असं बायका म्हणायच्या. दुपारी करवंदाच्या जाळीशेजारी सगळे बसायचे, आयही रानातून तिथं यायची. हिरड्यानं काळे झालेले आयचे हात आणि मातीनं लाल झालेले माझे हात एकाच पातेल्यातल्या घुगऱ्यांत.

आमच्या उतारावर सगळं गाव आलं तो दिवस मी विसरणार नाही. खाली पहिला दगड बसवताना नाना म्हणाले की हा घरच्यानं बसवायचा. आय पुढं झाली नाही. तिनं मला पुढं ढकललं. त्या दिवाळीला आमच्या स्वतःच्या खाचरातला भात शिजला, त्याचा वास अख्ख्या घरात भरला, आणि आय ताट वाढून ठेवून बाहेर जाऊन उभी राहिली. ती रडत होती. मीही रडले, पण आधी जेवले.

ही पडकई अंगात एवढी मुरलेली की निघोज्यात आल्यावर आमचा चांगलाच पोपट झाला. लग्न होऊन नवीनच आलो होतो. शेजारी अण्णांच्या, म्हणजे इथल्या जुन्या घरातल्या एका भल्या माणसाच्या, भाड्याच्या खोल्यांचा स्लॅब टाकायचा होता. आमच्या भागात कंपन्यांना सुट्टी गुरुवारची, आणि स्लॅबही गुरुवारीच. शेजारी काम निघालंय आणि आपण घरात लोळतोय, हे मला बघवेना. मी किसनला उठवलं. त्याचं गाव धरणाखाली गेलं असलं तरी तोही शेवटी आमच्यातलाच. आम्ही दोघं आपापलं घमेलं घेऊन न बोलावता रांगेत जाऊन उभे राहिलो आणि दुपारपर्यंत माल वाहिला.

दुपारी अण्णा आले. "तुमी कंच्या ठेकेदाराची रं?"

"आम्ही शेजारची," किसन म्हणाला.

"मंग हितं काय करताय?"

"काम."

अण्णा ठेकेदाराकडे वळून म्हणाले, "यांची बी हजेरी लाव रं, गरीब दिसत्यात." किसन लाजून लाल झाला. मी मात्र घरी येऊन पोट धरून हसले. आणि खरी गंमत पुढंच आहे. त्यानंतर आमच्या खोलीवर नवीन पत्रे टाकायचे होते, तेव्हा मी सकाळपासून घुगऱ्या शिजवून अण्णांची वाट बघत बसले होते. त्यांच्याकडे आम्ही गेलो होतो, मग ते येणारच ना! अण्णा आले, बुलेटवरूनच "काय चाल्लंय?" म्हणाले, वाटीभर घुगऱ्या खाल्ल्या, "ब्येस झाल्यात" म्हणाले आणि गेले. त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांना बिचाऱ्यांना ठाऊकच नव्हतं की ते आमचे पडकईकर झालेत.

पण एका बाईला मात्र मी ते शिकवलं. पलीकडच्या खोलीत परभणीच्या मीनाताई राहतात. त्यांचा नवरा कंपनीत वेल्डर. पहिल्या उन्हाळ्यात त्या एकट्या पापड लाटत बसल्या होत्या, तर मी पोळपाट घेऊन शेजारी जाऊन बसले. "काय करलालीस माय, तुला काय काम नाही का?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, आमच्याकडे याला पडकई म्हणतात. आता दर चैत्रात आमची सगळी चाळ एकेकीच्या दारात बसते. कुरडया, पापड, सांडगे, पाळी लावून. मीनाताई फोनवर त्यांच्या बहिणीला सांगतात, "आज येता येत नाही, आज पडकई हाय." परभणीच्या तोंडात आमचा शब्द ऐकला की मला उगाचच गुदगुल्या होतात.

तर आयचा फोन आला आणि रात्रीच्या जेवणावर आमचा खल सुरू झाला. किसन म्हणाला, "जेसीबी लावू. ओव्हरटाइमचे आहेत थोडे बाजूला. अर्ध्या दिवसात काम खल्लास." दुसऱ्या दिवशी मी हे आयला सांगितलं. जेसीबी आमच्या उतारापर्यंत चढणार नाही हे तर होतंच, पण आयचं कारण निराळं होतं.

"जेसीबी काय जेवाया बसतुया व्हय आपल्यात?" ती म्हणाली. "तू ये फकस्त. येत्या गुरवारी."

"लोकं येतील?"

"तू ये म्हनलं ना."

मला वाटलं, आय हट्टाला पेटली आहे. तिला आणि आम्हा दोघांना मिळून जेवढे दगड लावता येतील तेवढे लावू, बाकी दैवाच्या हवाली. हे असं मनाशी धरून गुरुवारी आम्ही अंधार सरायच्या सुमाराला मोटारसायकलवर निघालो. सुट्टीमुळे चाकणच्या चौकात पहिल्या पाळीच्या बसेस नव्हत्या. राजगुरुनगर मागं पडलं, घाट लागला, आणि वारा एकदम बदलला. त्यात वाळलेल्या गवताचा आणि कुठंतरी जळलेल्या राबाचा वास होता. भाताच्या रोपांसाठी वाफ्यावर पालापाचोळा जाळतात, त्याचा. त्या वासाला मी दर वेळी पदरानं डोळे पुसते. किसनला मी ते कळू देत नाही, कारण तो गाडी थांबवतो.

गाडी खाली ठेवून आम्ही चढलो. वरच्या वळणावर आधी आवाज ऐकू आला. पहारीचा खडकावरचा आवाज, एक नाही, बऱ्याच पहारींचा. मग उतार दिसला.

सगळं गाव होतं. गाव म्हणजे आता म्हातारी माणसंच जास्त, पाठीत वाकलेल्या बायका, गुडघे दुखणारे पुरुष. पण त्यांच्यात खालून आलेलेही होते. रावेतला वॉचमन असलेला बाळू गणवेशाच्या पँटवरच पहार मारत होता, आणि सांगवीत घरकामं करणारी त्याची बायको रांगेत उभी होती. पडलेली ताल सोडवून दगड एका बाजूला लावले होते, काळी माती दुसऱ्या बाजूला. नाना उंबराच्या सावलीत काठी टेकून बसले होते. आता त्यांच्यानं दगड उचलत नाही, पण कुठला दगड कुठं बसेल ते काठीनं दाखवत होते. आय घुगऱ्यांच्या चुलीशी होती. तिनं मला पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

मला आनंद झाला आणि लगेच धास्तीही वाटली. मी नानांच्या पाया पडले आणि हळूच म्हटलं, "नाना, एवढी सगळी माणसं. आय कशी फेडणार हो? तिच्यानं होतंय का आता?"

"फेडनार?" नाना म्हणाले. "ती कशापायी फेडंल? आमीच फेडतुया."

"म्हणजे?"

"तुला सांगितलं न्हाई तिनं? दर साली परत्येकाच्या उतारावर तुझी आय दोन दिस येती. एक दिस तिच्या घराचा, एक दिस तुझ्या घराचा. तू खाली गेलीस त्या सालापास्नं. 'यमी कंपनीत हाय, तिच्या घराचं म्या आले,' म्हनती. पैल्यांदा आमी हासलो. म्हनलं, आगं, लेकीचं घर तिच्या सासरच्या गावात धरत्यात. तर म्हनली, तिच्या सासरचं गाव पान्यात हाय. मंग त्यांचं घर धरायचं कुटं? हितंच धरा." नानांनी काठी उताराकडे केली. "मंग धरलं. आज दोन घरांची पडकई हाय ही. यवढी मानसं उगा आली न्हाईत."

माझ्या मागं किसन उभा होता. त्याच्या हातात घमेलं होतं. त्यानं ते खाली ठेवलं आणि तो उंबराच्या पलीकडे जाऊन, पाठ करून उभा राहिला. ज्या माणसाला कुठल्याच गावात घर नाही असं तो स्वतः मानत होता, त्याच्या घराचे दगड आय इतकी वर्षं वाहत होती. मला रडू आवरलं नाही. मी सरळ जाऊन तिच्या पाठीवर डोकं टेकलं. चुलीच्या धुरात ती घामानं भिजली होती.

"आय, तू सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं त्यात? लेकीचं लगीन झालं की एक घर वाढतं. कमी व्हतं व्हय?" आणि मग नानांकडे बघून ती ओरडली, "नाना, तुमचं त्वांड लई चालतंय, काटी चालवा जरा!" सगळी रांग हसली.

मी रांगेत शिरले. बाळूच्या बायकोनं माझ्या हातात दगड दिला. बोटांनी तो लगेच ओळखला. दिवसभर आम्ही ताल रचत गेलो. किसननं खालच्या अंगाचे मोठे दगड बसवले, कुणाला हात लावू दिला नाही. दुपारी ऊन मी म्हणत होतं. घुगऱ्यांत मीठ जास्त झालं होतं आणि त्यावरून आयला सगळ्यांनी छळलं. संध्याकाळी काळी माती परत पसरून झाली तेव्हा खाचर पुन्हा सपाट झालं होतं. आय त्यातून अनवाणी एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली आणि भांडी गोळा करायला लागली.

माणसं पांगायला लागली तेव्हा नाना काठी टेकत उठले. "फुडच्या गुरवारी माझ्या खाचरात. तुमच्याकडनं कोन?"

"म्या येते की," आय सवयीनं म्हणाली, "गुरवारी आन्‌ शुक्रवारी, दोन दिस—"

"गुरुवारी आय तिच्या घराची येईल," मी म्हटलं. "माझ्या घराची मी येणार."

"तू कशाला? मी येतो," किसन म्हणाला.

"माझं गाव आहे."

"घर माझं पण आहे."

आय तोंडावर पदर घेऊन हसत होती. नाना म्हणाले, एका घराचा एकच माणूस लागतो, कोण ते तुमचं तुम्ही ठरवा, आणि निघून गेले. आम्ही घाट उतरेपर्यंत त्यावरून भांडत होतो, आणि दोघांपैकी कुणीही माघार घ्यायला तयार नव्हतं.